सात महिने झाले, पण डावी मांडी अजून परतलेली नाही

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारी २२ वर्षांची वेटलिफ्टर सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. कॉलेजच्या कबड्डीत चढाई करताना वळली आणि डावा गुडघा फिरला. एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून स्थिर ठेवणारं लिगामेंट, तुटलं; मेनिस्कस ही आतली गादीही फाटली. दुर्बिणीचं ऑपरेशन होऊन आता सात महिने झालेत. आधी ती १०५ किलोचा बॅक स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बसून उठणं) मारायची, स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) ६८ आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ८५ किलो. सध्या ७० किलोचा स्क्वॉट दुखत नाही, पण ८० लावले की पाय अर्ध्यावरच थांबतो. अडीच महिन्यांनी राज्य स्पर्धेची निवड चाचणी आहे. सर म्हणतात, ‘तोपर्यंत नऊ महिने होऊन जातात, उतर.’ डॉक्टर म्हणाले, ‘जड वजन आता आयुष्यभर विसर.’ आई म्हणते, ‘याच खेळानं गुडघा घालवला, आता पुरे.’ खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळेल या आशेवर तिनं सहा वर्षं घाम गाळलाय. तिनं विचारलंय, ‘ताई, उतरू की सोडून देऊ?’

उतरू की सोडू, असे दोनच पर्याय तू माझ्यापुढे ठेवलेस. मला दोन्ही मान्य नाहीत. या निवड चाचणीला तू उतरू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे, आणि खेळ सोडावास असं म्हणायला मला एकही कारण दिसत नाही. हे मत कसं झालं ते आता सविस्तर सांगते, कारण उद्या सर, डॉक्टर आणि आई तिघांशीही तुलाच बोलायचं आहे.

आईपासून सुरुवात करू. तिचं म्हणणं असं की वजनानं गुडघा गेला. पण तूच लिहिलंयस की तो कबड्डीत गेला. एसीएल बहुतेक वेळा असंच तुटतं: पाय जमिनीत रुतलेला, गुडघा जवळजवळ सरळ, आणि वरचं शरीर एकदम वळतं. कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल, नाहीतर गाडीवरून पडणं. माझ्याकडे येणाऱ्या गुडघ्यांमागे याच कहाण्या असतात. नीट मारलेल्या स्क्वॉटमध्ये एसीएलवरचा ताण त्या मानानं कमी असतो. खाली बसताना मांडीचे मागचे स्नायू पुढच्यांच्या जोडीनं काम करतात आणि नडगीला पुढे सरकू देत नाहीत. जो ताण येतो तो बराचसा गुडघा सरळ होत आला असताना येतो, पूर्ण खाली बसल्यावर नाही. म्हणजे ‘खोल बसू नको, लिगामेंट तुटेल’ हे आपल्याकडे जे सर्रास सांगतात, ते एसीएलपुरतं तरी खरं नाही. आईला हे शांतपणे सांग. आणि एक गोष्ट स्वतःलाही बजाव: या वर्षात कबड्डी नाही. गल्लीतली नाही, गणपतीच्या मंडळाची नाही, मैत्रिणींनी आग्रह केला म्हणून एक चढाईसुद्धा नाही. ७० किलोच्या स्क्वॉटपेक्षा ती एक चढाई तुझ्या गुडघ्याला कितीतरी जास्त धोक्याची आहे.

आता डॉक्टरांचं वाक्य. ‘जड वजन आयुष्यभर विसर’ हे वाक्य माझ्याकडे येणारे निम्मे तरुण घेऊन येतात, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. सर्जनला चूक ठरवायचा माझा हेतू नाही. दिवसभरात ते ज्या रुग्णांना भेटतात त्यातले बहुतेक सिमेंटची पोती नाहीतर गॅसची टाकी उचलणारे असतात, आणि त्यांना सांगायची सूचना तुलाही मिळाली असेल. ‘जड म्हणजे किती?’ हे त्यांनी सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. पुढच्या भेटीत नुसतं ‘मी वजन उचलू का’ असं विचारू नकोस. ‘डॉक्टर, मी वेटलिफ्टर आहे. बार खांद्यावर घेऊन गुडघे पूर्ण वाकवून बसावं लागतं. माझ्या गुडघ्यात असं काही आहे का की ज्यामुळे हे कधीच करू नये?’ असं विचार. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं मिळतं.

त्या भेटीला जाण्याआधी घरी ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद बाहेर काढ. तू लिहितेस की कार्डवर ‘मेनिस्कस रिपेअर’ असं काहीतरी आहे, पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ हीच. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली कुर्चेची गादी. ती फाटली की दोन गोष्टी करता येतात: फाटका तुकडा कापून काढायचा, नाहीतर टाके घालून जोडायचा. तुझा जोडलेला दिसतो. पुढच्या आयुष्यासाठी हे चांगलं, कारण गादी शाबूत राहिली. पण जोडलेल्या मेनिस्कसला वेळ द्यावा लागतो. गुडघा पूर्ण वाकवून त्यावर भार टाकला की गादीची मागची कड दोन हाडांमध्ये दाबली जाते, म्हणून टाके घातल्यानंतर बरेच सर्जन चार ते सहा महिने नव्वद अंशांपलीकडे वजनासह बसू देत नाहीत. टाके गादीच्या मुळाशी असतील तर आणखी जास्त. तुझे सात महिने झालेत, त्यामुळे मुभा मिळेलही. पण ती सर्जनच्या तोंडून घे, सरांच्या किंवा माझ्या अंदाजावर नको. स्नॅच आणि क्लीन पकडताना तू ज्या खोलीला जातेस, तिथे प्रश्न एसीएलपेक्षा मेनिस्कसचा जास्त आहे.

ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), कुठून घेतला तेही कार्डवर बघ. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंगचा टेंडन घेतला असेल तर डेडलिफ्टला (बार जमिनीवरून मांडीपर्यंत उचलताना) आणि गुडघा खूप वाकवताना तो पाय मागे पडेल, मधूनच पेटकाही येईल. वाटीखालचा टेंडन घेतला असेल तर वाटीच्या पुढे दुखेल, गुडघे टेकून बसणं नको वाटेल. घोट्याजवळचा पेरोनियस टेंडन घेतला असेल तर घोट्याची ताकद वेगळी तपासावी लागेल. व्रणाशेजारी बधिर वाटतं म्हणून तू घाबरलीयस. त्वचेची एक बारीक नस तिथून जाते, ती दुखावली की असं होतं. ताकदीशी त्याचा संबंध नाही.

आता सरांच्या नऊ महिन्यांकडे येते. हा आकडा त्यांनी हवेतून आणलेला नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळात परतलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्यामागे पुन्हा इजा होण्याचा दर साधारण निम्म्यानं कमी झालेला दिसला. तेव्हापासून ‘नऊ महिने’ सगळ्यांच्या तोंडी बसलं. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती कुणी सांगत नाही: ऑपरेशन झालेल्या पायाच्या मांडीची ताकद निरोगी पायाच्या जितकी जवळ, तितका धोका कमी. म्हणजे अटी दोन होत्या. कॅलेंडर पान उलटलं की एक आपोआप पूर्ण होते, दुसरी आपोआप होत नाही. तो अभ्यास गिरकी घेऊन वळाव्या लागणाऱ्या खेळांचा होता, वेटलिफ्टिंगचा नव्हे, हेही खरं. त्यामुळे नऊच्या आकड्याला मी वेदवाक्य मानत नाही. पण ताकदीची अट तुझ्या खेळाला जास्तच लागू आहे, कारण तुझा खेळच ताकदीचा.

ग्राफ्टच्या आत काय चालतं तेही जाणून घे. एका ठिकाणचा टेंडन काढून हाडात बोगदे पाडून दुसरीकडे बसवतात तेव्हा त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. आधी त्याच्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या येतात, नव्या पेशी येतात आणि तंतू हळूहळू लिगामेंटसारखे रचले जातात. ग्राफ्ट सगळ्यात कच्चा असतो तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, नेमका सूज उतरून माणसाला ‘आता बरं वाटतंय’ असं वाटू लागतं तेव्हा. तो काळ तू पार केलास. पूर्ण पक्कं व्हायला मात्र वर्ष-दोन वर्षं जातात. म्हणून ‘दुखत नाही’ हा पुरावा धरू नकोस.

आणि इथेच माझं खरं म्हणणं आहे. तू लिगामेंटला घाबरतेस. मला काळजी तुझ्या डाव्या मांडीची आहे. गुडघ्यात सूज आली की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, पूर्ण जोर लावूच देत नाही. तू कितीही मनावर घेतलंस तरी काही तंतू बंदच राहतात. त्यात आठवडेच्या आठवडे कुबड्या. स्नायू झपाट्यानं उतरतो आणि परत यायला त्याच्या कैक पट वेळ घेतो. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनीही बऱ्याच जणांची ती मांडी निरोगी मांडीपेक्षा २० टक्के किंवा त्याहून जास्त मागे असते, आणि चालताना, जिना चढताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तू लिहिलंयस, ‘बार खांद्यावर घेतला की डावा पाय माझा नाही असं वाटतं.’ हे मनाचे खेळ आहेत असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात. मला नाही तसं वाटत. तुझं शरीर तुला खरी बातमी देतंय.

मग ७० किलो दुखल्याशिवाय कसे जातात? उजवा पाय उचलतो म्हणून. दोन पायांच्या व्यायामात शरीर गुपचूप भार सरकवतं. हे तुझ्या डोळ्यांनी बघ. मोबाईल तुझ्या मागे दोन-तीन पावलांवर जमिनीवर प्लेटला टेकवून ठेव आणि ६० किलोचा सेट मागून शूट कर. वर येताना कंबर कुठे जाते ते बघ. पहिले दोन रेप (आवृत्त्या) सरळ असतील, चौथ्या-पाचव्याला नितंब उजवीकडे सरकलेले दिसतील, असं मला वाटतं. दुसरा उपाय याहून सोपा. घरात वापरतात तसे दोन वजनकाटे मागून आण, सपाट फरशीवर शेजारी शेजारी ठेव, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून रिकामा १५ किलोचा बार घे आणि हळू अर्ध्यापर्यंत बस. काटे वाचायला मैत्रीण हवी, कारण तू खाली बघितलंस की वजन सरकेल. दोन काट्यांत चार-पाच किलोंचा फरक रिकाम्या बारवरच दिसला, तर ८० किलोवर काय होत असेल याचा विचार कर.

यावरून अंदाज येतो. माप घ्यायचं तर लेग एक्स्टेन्शन मशीनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायचं ते) घे. मोठ्या शहरातल्या क्रीडा वैद्यक केंद्रात आयसोकायनेटिक मशीन (ठरावीक वेगात पायाची ताकद मोजणारं) असतं, तिथे एकदा जाता आलं तर उत्तमच, पण तुमच्या तालमीतल्या साध्या मशीनवरही काम भागतं. सीट आणि पॅड दोन्ही पायांना एकाच खाचेत. आधी उजवा: जितक्या वजनाला पाठ न उचलता, झटका न देता बरोब्बर आठ रेप होतात ते लिही. मग डावा. समजा उजव्याला ३० आणि डाव्याला २१ किलो झाले, तर डावा ७० टक्क्यांवर आहे. मला किमान ९० हवेत. उजवा पायही या सात महिन्यांत उतरलाय, म्हणून ऑपरेशनआधीचे तुझे जुने आकडे डायरीत असतील तर तेही शेजारी मांड. हे मशीन गुडघ्याला वाईट असं तुला कुणीतरी सांगितलंय. सुरुवातीच्या महिन्यांत गुडघा सरळ होताना त्यात ग्राफ्टवर ताण येतो, म्हणून तेव्हा जपावं लागतं. सात महिन्यांनंतर तुझ्या फिजिओच्या संमतीनं, आधी नव्वदपासून पंचेचाळीस अंशांपर्यंत आणि मग पूर्ण, ते करायलाच हवं. नुसत्या स्क्वॉटनं ही मांडी भरून निघत नाही, कारण स्क्वॉटमध्ये तिला लपायला जागा मिळते.

आणखी एक तपासणी, दोन मिनिटांची. पलंगावर पालथी झोप, गुडघ्यांच्या खालचा भाग कडेबाहेर लोंबू दे. आईला मागून बघायला सांग, दोन्ही टाचा एका उंचीवर आहेत का. डावी टाच वर राहत असेल तर गुडघा पूर्ण सरळ होत नाही. हे काही अंशांचं कमीपण फार कुणी मनावर घेत नाही, पण गुडघा सरळ झाला नाही तर क्वाड्रिसेप्स कधीच पूर्ण जागा होत नाही. असं असेल तर वजन वाढवणं थांबव आणि आधी सर्जनला दाखव; कधी कधी आत व्रणाची गाठ अडलेली असते.

आता पुढच्या दिवसांविषयी. आठवडे मोजून तक्ता देणार नाही, कारण तुझा गुडघा मी पाहिलेला नाही. क्रम मात्र सांगते.

पहिले सहा-आठ आठवडे एकेका पायाचे. स्प्लिट स्क्वॉट, मागचा पाय बाकावर ठेवून केलेला स्क्वॉट, पायरीवरून सावकाश खाली उतरणं, एका पायाचा लेग प्रेस, आठवड्यातून दोनदा लेग एक्स्टेन्शन. प्रत्येक सेट डाव्या पायानं सुरू कर आणि डाव्याला झाले तेवढेच रेप उजव्याला. उजव्यात दम शिल्लक राहील, राहू दे. बॅक स्क्वॉट चालू ठेव, पण खाली जायला तीन सेकंद आणि खाली एक सेकंद थांबून; कंबर सरकली की तो सेट संपला, बारवर कितीही असो. या काळात पुल, रोमेनियन डेडलिफ्ट, प्रेस हे सगळं भरपूर करता येतं. तुझा खेळ थांबणार नाही.

डावी मांडी ९० टक्क्यांवर आली की पकडायला सुरुवात. तुझ्या खेळातला गुडघ्याचा खरा कसोटीचा क्षण स्क्वॉटमध्ये नाही, तो बार पकडताना आहे. क्लीनमध्ये तू बारखाली झपकन शिरतेस, पाय उचलून पुन्हा टेकतेस आणि त्या क्षणी वजन येऊन आदळतं. गुडघा आत वळला तर तिथेच वळणार. म्हणून आधी नुसतं जमिनीवर पाय टेकण्याचा सराव, मग मांडीपासून पॉवर क्लीन आणि पॉवर स्नॅच (पूर्ण खाली न बसता पकडणं), मग जमिनीपासून, आणि सर्जननं खोल बसायची मुभा दिल्यावरच पूर्ण स्नॅच, तेही जुन्या वजनाच्या निम्म्यापासून. जर्कला कुठला पाय पुढे टाकतेस ते लिहिलं नाहीस. डावा असेल तर काही महिने पॉवर जर्क (पाय पुढे-मागे न टाकता) कर. आणि लिफ्ट सोडायचा सराव मुद्दाम कर, हलक्या वजनावर. चुकलेली लिफ्ट वाचवायला धडपडताना शरीर जसं पिळवटतं, तसं शिस्तीत सोडलेल्या लिफ्टमध्ये पिळवटत नाही. तालमीत ‘सोडू नको, सोडू नको’ असं ओरडणाऱ्यांना आधीच सांगून ठेव की हे वर्ष तसं ओरडायचं नाही.

वजन वाढवायचं की नाही हे कशावरून ठरवायचं? दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून. शिंप्याकडे असते तशी टेप घे, उठल्याबरोबर वाटीच्या बरोब्बर मध्यावरून गुडघ्याचा घेर मोज आणि वहीत लिही. आदल्या दिवशीच्या सरावानंतर घेर एक सेंटीमीटरनं वाढला, तर तो सराव जास्त झाला, मग करताना कितीही छान वाटलेलं असो. व्यायाम करताना दहापैकी दोन-तीनपर्यंत दुखलं आणि चोवीस तासांत बसलं तर घाबरू नकोस. पण गुडघा अडकला, ‘सटकला’ किंवा रात्रीतून फुगला, तर सराव बंद आणि दवाखाना. आठवड्याला बारवर अडीच-पाच किलोंपेक्षा जास्त वाढ नको, आणि एका आठवड्यात एकच गोष्ट बदल: वजन वाढवलं तर बसण्याची खोली नाही, खोली वाढवली तर वजन नाही.

नी-स्लीव्ह (गुडघ्यावरची घट्ट बाही) घालावी का असं विचारलंस. घाल, गुडघा गरम राहतो, धीर येतो. ग्राफ्टचं रक्षण त्यानं होत नाही. आणि या काळात वजनगट गाठायला जेवण तोडू नकोस, ही माझी विनंती आहे. स्नायू भरायचा आहे आणि त्याच वेळी उपाशी राहायचं, हे जमत नाही. तू ५८ किलोची, म्हणजे दिवसाला साधारण ९० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत: अंडी, दूध, दही, डाळ, उसळ, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या. डब्याच्या पावडरीवाचून अडत नाही.

८० किलोवर पाय थांबतो, त्या भीतीचं काय करायचं? भीतीवर मात वगैरे करू नकोस. मांडीचं माप आणि भीती बहुतेक वेळा बरोबरीनं सुधारतात, हे मी पुष्कळदा बघितलंय. रॅकचे सेफ्टी बार (वजन अडवणारे आडवे दांडे) नीट उंचीला लावून ७२.५ कर, मग ७५. खाली बसून बार सेफ्टीवर ठेवून बाहेर यायचं, हेही दोनदा कर. आपण कुठल्याही क्षणी बाहेर पडू शकतो हे पायाला कळलं पाहिजे. माप ९० टक्के आलं, सूज नाही, व्हिडिओत कंबर सरळ, आणि तरीही भीती तशीच असेल, तर क्रीडा मानसतज्ज्ञाशी बोलायला हवं. त्यात कमीपणा काहीच नाही.

सरांनी तुला वेटलिफ्टर संकेत सरगरचं उदाहरण दिलं, असं तू लिहिलंयस. तुमच्याच सांगलीचा मुलगा, त्यामुळे ते मनाला लागणारच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात दुसऱ्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्याला उतरला आणि २४८ किलोंसह रौप्य घेऊन आला. सुवर्ण एका किलोनं गेलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण तो राष्ट्रकुलचा मंच होता आणि इजा त्या मिनिटाला झालेली. तुझ्यापुढे आहे ती दर वर्षी होणारी निवड चाचणी. मला सरांना दुसरं उदाहरण द्यावंसं वाटतं. मीराबाई चानू २०१७ ची विश्वविजेती. २०१८ मध्ये पाठीच्या दुखण्यामुळे तिनं जकार्ताची आशियाई स्पर्धा सोडली. आशियाई! २०१९ मध्ये ती परतली, २०२१ च्या एप्रिलमध्ये ताश्कंदला क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी टोकियोत ऑलिम्पिक रौप्य. पाठ आणि गुडघा सारखे नाहीत, हे मला कळतं. स्पर्धा सोडली म्हणजे खेळ सुटला असं होत नाही, एवढंच मला त्यातून दाखवायचं आहे.

नोकरीचा प्रश्न मी हलका मानत नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि गावातल्या मुलीसाठी त्याचा अर्थ काय हे मला ठाऊक आहे. पण हिशोब नीट कर. ९० टक्क्यांच्या खाली असलेल्या मांडीवर अडीच महिन्यांनी उतरलीस, तर तुझी एकूण बेरीज जुन्या १५३ किलोंच्या आसपास येईल असं मला वाटत नाही. म्हणजे निवड होण्याची आशा कमी, आणि गुडघा पुन्हा दुखावला तर जातं ते पूर्ण वर्ष, कदाचित दोन. २५ वर्षांखालचे जे खेळाडू ऑपरेशननंतर खेळात परततात, त्यांच्यातल्या सुमारे २३ टक्क्यांना एसीएलची दुसरी इजा होते, कधी त्याच गुडघ्याला, कधी दुसऱ्या. यातले बहुतेक मैदानी खेळांचे, तुझा धोका कमीच असेल, पण तू त्याच वयाची आहेस. उलट पुढच्या वर्षी तू २३ ची असशील. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन तुला हव्या त्या पदासाठी वयाची अट काय, कुठल्या स्पर्धेचं कुठलं प्रमाणपत्र चालतं, हे कागदावर लिहून आण. मैत्रिणी काय म्हणतात त्यावर इतका मोठा निर्णय घेऊ नकोस. दरम्यान पॉवरलिफ्टिंग करून बघावं का, हा तुझा विचार वाईट नाही. त्यात झपकन पकडणं नसतं. पण जास्तीत जास्त वजनाचा स्क्वॉट तिथेही आहे, त्यामुळे मांडीची अट तीच, आणि ते प्रमाणपत्र तुझ्या कामाचं आहे का तेही त्याच कार्यालयात विचार.

आईची भीती मात्र अजून थोडी शिल्लक राहते आणि तिच्याशी मला प्रामाणिक राहायचं आहे. एसीएल एकदा तुटलं की पुढे गुडघ्याच्या संधिवाताची शक्यता वाढते, ऑपरेशन केलं तरी, आणि मेनिस्कसही फाटलेला असेल तर आणखी. वजन उचलणं सोडल्यानं ती शक्यता पुसली जात नाही. भक्कम मांडी मात्र त्या गुडघ्याला आयुष्यभर आधार देते. मुलीला सराव सोडायला लावून तिचा गुडघा वाचेल असं आईला वाटतंय. मला उलटं वाटतं. लग्नाच्या वेळी ऑपरेशनचं सांगायचं कसं, ही काळजीही तिच्या बोलण्यात आली, असं तू लिहिलंस. ती मी समजू शकते, पण त्यासाठी आत्ता तुझा सराव थांबवायचं काही कारण नाही. तिला एकदा फिजिओकडे सोबत ने. मशीनवर डावा आणि उजवा आकडा तिच्यासमोर लिहिला जाऊ दे, आणि दोन महिन्यांनी पुन्हा.

अशीच पत्रं आणखी काहीजणांची आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं. ऑपरेशन न करता फिजिओथेरपीवर असाल तर क्रम हाच, फक्त गुडघा सटकतो का याकडे जास्त लक्ष. चाळिशीनंतर हौसेनं जिमला जात असाल आणि स्पर्धा नसेल, तर घाई करायचं एकही कारण नाही. वर्षभर एकेका पायाचे व्यायाम केलेत तरी काही बिघडत नाही. पीसीएलचं (गुडघ्यातलंच, एसीएलच्या मागचं लिगामेंट) ऑपरेशन झालं असेल तर वरचं बरंच लागू नाही, कारण तिथे खोल बसण्याचाच ताण जास्त येतो. तुमच्या सर्जनचंच ऐका.

आता सरांशी बोलणं. त्यांना टाळू नकोस, चिठ्ठी पाठवू नकोस. सराव संपल्यावर, इतर मुली गेल्यावर, वही आणि व्हिडिओ घेऊन जा. ‘सर, मला राज्य स्पर्धा खेळायचीच आहे, पण पुढच्या वर्षी. माझी डावी बाजू इतकी कमी आहे. ती ९० टक्क्यांवर आणायला मला तुमची मदत हवी. माझी कंबर सरकते का ते मागून तुम्हीच बघा.’ चांगल्या प्रशिक्षकाला आकडा दाखवला की तो ऐकतो, आणि तू ज्या आपुलकीनं त्यांच्याविषयी लिहिलंयस त्यावरून ते चांगले प्रशिक्षक आहेत असं मी धरून चालते. ते तरीही चाचणीवर अडून बसले, तर सर्जनकडून लेखी घे की अमुक महिन्यापर्यंत स्पर्धा नको. तो कागद तुझ्या वतीनं बोलेल, तुला वाद घालावा लागणार नाही.

या आठवड्यात कार्ड शोध, लेग एक्स्टेन्शनवर दोन्ही पायांचं माप घे आणि सर्जनची वेळ ठरव. दोन महिन्यांनी तेच माप त्याच मशीनवर, त्याच खाचेत पुन्हा घे आणि दोन्ही वेळचे आकडे मला लिहून पाठव. पूर्ण स्नॅच कधी सुरू करायचा ते तेव्हा बोलू.